गर्भनिरोधक गोळीचा कुठला त्रास सोसायचा आणि कुठला अजिबात नाही

तुमच्या प्रश्नातलं अगदी शेवटचं वाक्य मी आधी घेते. चार महिन्यांपासून गोळी चालू आहे, मधेच डाग लागतात, मळमळतं, वजन दोन किलोंनी वाढलं, चिडचिड होते आणि मधूनच उदास वाटतं, हे सगळं तुम्ही सविस्तर लिहिलंत. या गोळीने पुढे मूल होत नाही असं घरात कुणी म्हणाल्यामुळे धास्तावल्याचंही लिहिलंत. आणि मग जाता जाता अर्धी ओळ: दोन-तीनदा डोकं दुखायच्या आधी डोळ्यांसमोर नागमोडी रेषा चमकल्या. तुम्ही विचारताय, हे सोसत राहू की गोळी बंद करू?

बाकी तक्रारींसाठी थांबून बघायला वेळ आहे. या अर्ध्या ओळीसाठी नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

तुम्ही सांगितलेल्या गोळीत ड्रोस्पिरेनोन ३ मिलिग्रॅम आणि इथिनिल इस्ट्रॅडिऑल २० मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे ही दोन हार्मोन्सची गोळी: ड्रोस्पिरेनोन हे प्रोजेस्टोजेन आणि इथिनिल इस्ट्रॅडिऑल हे इस्ट्रोजेन. डोकेदुखीच्या आधी नागमोडी किंवा करवतीच्या दातांसारख्या चमकत्या रेषा दिसणं, तो चमकता भाग हळूहळू पसरत जाणं, त्या जागेपुरतं दिसेनासं होणं, हे सगळं साधारण पाच मिनिटं ते तासभर टिकणं आणि मग डोकं ठणकायला लागणं, याला मायग्रेनचा ऑरा म्हणतात. काहींना त्याऐवजी बोटांत मुंग्या येऊन त्या हातावरून चेहऱ्यापर्यंत चढतात, काहींना शब्द सापडत नाहीत. ऑरा असलेल्या मायग्रेनमध्ये मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून होणाऱ्या पक्षाघाताचा धोका मुळातच थोडा जास्त असतो, आणि इस्ट्रोजेन त्यात भर घालतं. तरुण वयात हा धोका एकूण कमीच असतो, त्यामुळे भीतीने झोप उडवून घेऊ नका. पण होणारं नुकसान कायमचं असू शकतं आणि इस्ट्रोजेन नसलेले चांगले पर्याय हाताशी आहेत, मग तो धोका पत्करायचाच कशाला? जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांतही ऑरा असलेला मायग्रेन असेल तर वय कितीही असो, इस्ट्रोजेन असलेली गोळी वापरू नये असंच आहे.

तुम्हाला ऑराच होतो असं मी इथे बसून ठरवू शकत नाही. झटकन उठल्यावर डोळ्यांपुढे तारे चमकणं वेगळं, डोकं दुखत असताना उजेड सहन न होणं वेगळं. पण तुमचं वर्णन ऑराशी इतकं जुळतंय की माझ्यासमोर बसून तुम्ही हे सांगितलं असतं, तर मी त्याच वेळी गोळी थांबवली असती आणि तपासणी नंतर केली असती. तेच तुम्हाला सांगते: आजपासून ती गोळी घेऊ नका, कंडोम वापरा आणि या आठवड्यात डॉक्टरांना भेटा. पाकीट अर्धवट असताना गोळी सोडली तर गेल्या पाच-सात दिवसांतल्या संबंधांमुळे दिवस राहू शकतात का, हे तुम्ही पाकिटात कुठवर आला आहात त्यावर अवलंबून असतं. म्हणून पाकीट सोबत न्या आणि शेवटचा संबंध कधी आला होता तेही सांगा. नुसतं प्रोजेस्टोजेन असलेली गोळी योग्य वाटली, तर मधे खंड न पाडता थेट तिच्यावर जाता येतं. एक बाजू चेहऱ्यासकट लुळी पडली, बोलणं अडखळलं, कधी नव्हे इतकं भयंकर डोकं एकाएकी दुखलं किंवा अचानक दिसेनासं झालं, तर कुणाची वाट न बघता थेट इमर्जन्सीत जायचं.

आणखी एक डोकेदुखी असते आणि लोक दोन्ही एकच समजतात. कोऱ्या गोळ्यांच्या दिवसांत, म्हणजे औषधाच्या गोळ्या संपून पाळी येते त्या सुमारास, डोकं दुखतं. इस्ट्रोजेन एकदम खाली उतरल्याचा तो परिणाम. त्यात ऑरा नसेल तर कोऱ्या गोळ्यांचे दिवस कमी करून किंवा दोन-तीन पाकिटं सलग घेऊन तो त्रास पुष्कळ कमी करता येतो. तुमची डोकेदुखी कुठल्या दिवसांत आली ते कॅलेंडरवर आठवून बघा. डॉक्टर हेच विचारतील.

गोळी सुरू करताना बीपी कुणी मोजलं नाही, असंही तुम्ही लिहिलंय. ते मोजायला हवं होतं. ही गोळी देण्याआधी पोटाची सोनोग्राफी लागत नाही, रक्ताच्या ढीगभर तपासण्या लागत नाहीत, आतून तपासणीही बहुतेकदा लागत नाही. पण बीपी लागतंच. ते १४० / ९० च्या वर असेल तर मी सहसा इस्ट्रोजेन देत नाही, आणि १६० / १०० किंवा त्याहून वर असेल तर मुळीच नाही. बीपी वाढलं तरी बहुतेकांना काहीच जाणवत नाही, म्हणून जाणवण्याची वाट बघायची नसते.

आता गुठळीबद्दल. इंटरनेटवर याविषयी वाचून तुम्ही घाबरला आहात, आणि ही भीती पोकळ नाही, फक्त तिचं माप माहीत असायला हवं. तरुण, गर्भवती नसलेल्या आणि कुठलीच हार्मोनची गोळी न घेणाऱ्या दहा हजार स्त्रियांपैकी वर्षाला साधारण दोघींना पायातल्या किंवा फुफ्फुसातल्या शिरेत गुठळी होते. लेव्होनॉरजेस्ट्रेल हे प्रोजेस्टोजेन असलेली दोन हार्मोन्सची गोळी घेणाऱ्यांत हा आकडा ५ ते ७ च्या घरात जातो. ड्रोस्पिरेनोन, डेसोजेस्ट्रेल किंवा गेस्टोडिन असलेल्या गोळीत तो ९ ते १२ होतो. म्हणजे तुमच्या प्रकारच्या गोळीत धोका कित्येक पटींनी वाढतो हेही खरं, आणि दहा हजारांत नऊ हजार नऊशे ऐंशीहून जास्त जणींना त्या वर्षात गुठळी होत नाही हेही तितकंच खरं. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतरच्या काही आठवड्यांत हा धोका कुठल्याही गोळीपेक्षा जास्त असतो. नको असलेल्या गरोदरपणाशी तुलना करताना ही गोष्ट विसरून चालत नाही.

पण सरासरी म्हणजे तुम्ही नव्हे. आई-वडील किंवा भावंडांपैकी कुणाला पंचेचाळिशीच्या आत पायात किंवा फुफ्फुसात गुठळी झाली असेल, वजन खूप जास्त असेल, ऑपरेशन होऊन बरेच दिवस अंथरुणात पडून राहायचं असेल, तर हिशोब बदलतो. पस्तिशीनंतर सिगारेट ओढत असाल, तर गुठळीपेक्षाही हृदयविकाराच्या झटक्याच्या आणि पक्षाघाताच्या भीतीने मी इस्ट्रोजेनला नकार देते. पहिल्या काही महिन्यांत शिरेतल्या गुठळीचा धोका सगळ्यात जास्त असतो आणि नंतर तो कमी होत जातो. गोळी महिनाभर किंवा जास्त सोडून पुन्हा सुरू केली की तो वाढीव काळही पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. म्हणूनच ‘शरीराला विश्रांती म्हणून अधूनमधून गोळीला सुट्टी द्यावी’ हा सल्ला मला अजिबात पटत नाही. त्या सुट्टीने फायदा काहीच होत नाही. सुट्टीत दिवस राहतात आणि सुट्टीनंतर गुठळीचा धोका नव्याने चढतो. एकाच पोटरीत दुखणं आणि सूज, श्वास घेताना छातीत कळ, अचानक धाप लागणं, पोटात असह्य दुखणं, यांतलं काही झालं तर ते अंगावर काढू नका.

इथपर्यंत झाल्या थांबायला सांगणाऱ्या गोष्टी. तुम्ही सविस्तर लिहिलेला त्रास वेगळ्या जातीचा आहे. ऑराचं तुमच्या बाबतीत काही निघालं नाही आणि याच प्रकारची गोळी पुढे चालू राहिली, तर तेव्हा हे उपयोगी पडेल. नवीन गोळी सुरू केलीत तरीही.

डाग लागणं ही सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार. गर्भाशयाचं अस्तर हार्मोन्समुळे पातळ होतं, सुरुवातीला ते नीट स्थिरावत नाही आणि थोडं थोडं झिरपतं. पहिले तीन महिने मी त्याकडे काळजीने बघत नाही. २० मायक्रोग्रॅमच्या गोळीत डाग जास्त लागतात, ३० च्या गोळीत कमी. कमी इस्ट्रोजेनची ही एक किंमत आहे. तीन महिन्यांनंतरही डाग चालूच राहिले तर गोळी बदलण्याआधी मी पहिला प्रश्न विचारते की गोळ्या चुकतात का. वेळ रोज पाच-सहा तासांनी मागेपुढे होत असेल तर तेवढ्यानेही काही जणींना डाग लागतात. तुमचे चार महिने झालेत, तेव्हा आता फक्त ‘होतं असं’ म्हणून सोडून देऊ नये. एकदा गर्भचाचणी करावी, संबंधानंतर रक्त दिसतं का ते आठवावं, गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी राहिली असेल तर करून घ्यावी. सगळं ठीक निघालं की गोळी बदलता येते. डाग लागतात म्हणजे गोळी काम करत नाही, असा अर्थ मात्र होत नाही. रोज घेतलेली गोळी डाग लागत असतानाही गर्भधारणा रोखते, आणि डागांना कंटाळून मधेच सोडलेली गोळी रोखत नाही.

मळमळ आणि स्तन दुखणं हे बहुधा इस्ट्रोजेनमुळे असतं आणि दोन-तीन महिन्यांत ओसरतं. गोळी रात्री झोपताना, जेवल्यावर घेतली की बऱ्याच जणींचं भागतं. गोळी घेतल्यावर तीन तासांच्या आत उलटी झाली तर ती पोटात गेली नाही असं धरून दुसरी घ्यायची.

वजनाबद्दल मी जरा सावधपणे बोलते, कारण इथे ‘तुझा भ्रम आहे’ असं म्हणून बाईला गप्प करायची पद्धत आहे. दोन हार्मोन्सच्या गोळीची तुलना औषध नसलेल्या गोळीशी केली, तेव्हा वजनात ठळक फरक दिसला नाही. सुरुवातीला पाणी साठून किलोभर इकडेतिकडे होतं, भूकही थोडी बदलू शकते. दर तीन महिन्यांनी घेतात त्या डीएमपीए या गर्भनिरोधक इंजेक्शनचं मात्र तसं नाही. ते घेणाऱ्या काही जणींचं वजन खरोखर वाढतं, आणि पहिल्या सहा महिन्यांत पाच टक्क्यांहून जास्त वाढलं तर पुढेही वाढत राहण्याची शक्यता असते. तुमचे दोन किलो गोळीचे की आणखी कशाचे हे मी सांगू शकत नाही. पण उद्या कुणी तुम्हाला गोळीऐवजी इंजेक्शन सुचवलं, तर ही गोष्ट आधी लक्षात घ्या.

मनाचं काय? इथे माझं मत ठाम आहे. डेन्मार्कमध्ये १५ ते ३४ वयाच्या दहा लाखांहून जास्त स्त्रियांची माहिती तपासली गेली आणि ती २०१६ साली प्रसिद्ध झाली. हार्मोनची गर्भनिरोधकं वापरणाऱ्यांत नैराश्याची औषधं सुरू होण्याचं प्रमाण जास्त आढळलं, आणि किशोरवयीन मुलींमध्ये सर्वात जास्त. यावरून गोळीनेच नैराश्य येतं असं सिद्ध होत नाही. बहुतेक जणींच्या मनावर काहीही परिणाम होत नाही, आणि पाळीआधीच्या उदासीसाठी मी हीच ड्रोस्पिरेनोनची गोळी देते व काहींना तिने छान बरं वाटतं. पण एखादी बाई म्हणते की गोळी सुरू केल्यापासून मी मी राहिले नाही, तेव्हा तिच्याशी आकडेवारीवरून वाद घालण्यात अर्थ नसतो. पूर्वी नैराश्य येऊन गेलं असेल तर मी गोळी सुरू करतानाच तसं सांगून ठेवते आणि सहा आठवड्यांनी पुन्हा बोलावते. रोज रात्री एका शब्दात मन कसं होतं ते तारखेपुढे लिहून ठेवलं की दोन महिन्यांत चित्र दिसतं: उदासी सगळे दिवस आहे, की फक्त कोऱ्या गोळ्यांच्या दिवसांत, की गोळीशी तिचा संबंधच नाही. जगणं नकोसं वाटायला लागलं तर मात्र नोंदी करत बसायचं नाही. त्याच दिवशी घरातल्या कुणाला तरी सांगायचं आणि डॉक्टरांकडे जायचं. कामेच्छा कमी होणं हेही काही जणींत होतं, काहींत उलट दिवस राहण्याची धास्ती गेल्यामुळे ती वाढते. विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही, म्हणून मी विचारते.

चेहऱ्यावर वांग येत असतील तर ऊन टाळणं आणि सनस्क्रीन लावणं आवश्यक. त्यातही इस्ट्रोजेन नसलेला पर्याय बहुधा बरा पडतो.

आता मूल होण्याविषयी, कारण ही भीती तुम्हाला सगळ्यात जास्त खातेय असं मला वाचताना वाटलं. गोळीने वंध्यत्व येत नाही. गोळी अंडाशयाला संपवत नाही, ती फक्त दर महिन्याला स्त्रीबीज बाहेर पडू देत नाही. बंद केल्यावर बहुतेकींच्या अंडाशयांचं काम काही आठवड्यांत पूर्ववत होतं, आणि वर्षभरात दिवस राहण्याचं प्रमाण इतर साधनं सोडलेल्या स्त्रियांइतकंच असतं. मग हा समज एवढा पक्का का? दोन कारणं मला दिसतात. एक म्हणजे, पाळी अनियमित म्हणून अनेकींना गोळी दिली जाते. गोळीवर येणारी पाळी घड्याळासारखी येते, कारण ती खरी पाळी नसतेच, हार्मोन थांबल्यावर येणारा तो रक्तस्राव असतो. गोळी सोडली की जुनी अनियमितता पुन्हा दिसते आणि आळ गोळीवर येतो. दुसरं कारण म्हणजे इंजेक्शन. डीएमपीए घेतलेल्यांना शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस राहायला सरासरी दहाएक महिने लागतात. तेही कायमचं नसतं. पण येत्या वर्षा-दीड वर्षात मूल हवं असेल तर मी इंजेक्शन देत नाही.

कॅन्सरबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण हा प्रश्न मनात असतोच. गोळी घेत असताना स्तनाच्या कॅन्सरचा धोका किंचित वाढतो. डेन्मार्कच्याच २०१७ सालच्या अभ्यासात हार्मोनची साधनं वापरणाऱ्या एक लाख स्त्रियांमागे वर्षाला सुमारे तेरा जणी जास्त, असा तो आकडा होता. बंद केल्यावर तो हळूहळू उतरतो. पाच वर्षांहून जास्त वापरात गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरचा धोकाही थोडा वाढतो, म्हणून ती तपासणी चुकवायची नाही. दुसऱ्या बाजूला, अंडाशयाच्या आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरचा धोका ठळकपणे कमी होतो, आणि ते संरक्षण गोळी सोडल्यावरही कित्येक वर्षं टिकतं. आईला किंवा बहिणीला कमी वयात स्तनाचा कॅन्सर झाला असेल तर हे सगळं तुमच्या डॉक्टरांशी स्वतंत्रपणे बोला. स्वतःला झाला असेल तर हार्मोनचं कुठलंच साधन नको.

गोळी बदलायची वेळ आली तर पुढे काय, हेही सांगते. ऑरा निश्चित झाला तर दोन हार्मोन्सची गोळी, पॅच आणि योनीत ठेवायची रिंग हे तिन्ही बाद, कारण तिन्हींत इस्ट्रोजेन आहे. उरतं ते असं: नुसत्या प्रोजेस्टोजेनची गोळी, दंडात कातडीखाली बसवायचं इम्प्लांट, गर्भाशयात बसवायचं हार्मोनचं साधन, आणि हार्मोन अजिबात नको असतील तर तांबी. पहिल्या तिन्हींचा मुख्य त्रास एकच, रक्तस्रावाचं वेळापत्रक बिघडतं. गर्भाशयातल्या हार्मोनच्या साधनाने पहिले तीन ते सहा महिने डाग लागतात, मग पाळी कमी कमी होत जाते आणि काहींची थांबतेही. ती थांबली म्हणजे घाण आत साठते असं नाही. अस्तरच इतकं पातळ होतं की बाहेर पडायला काही उरत नाही. इम्प्लांटवर रक्तस्राव कसा होईल हे आधी सांगता येत नाही, आणि हे मी बसवण्यापूर्वीच स्पष्ट बोलते. ज्यांना आधी कल्पना दिलेली असते त्या ते निभावून नेतात. तांबीत हार्मोन नसल्याने हे काही होत नाही, पण पाळी जास्त जाते आणि जास्त दुखते. मुळातच अंगावरून फार जात असेल तर मी तांबी सुचवत नाही.

पुढे कुठलीही गोळी घ्यायचं ठरलं तरी तुमची बाकी औषधं डॉक्टरांना सांगा. क्षयरोगाचं रिफाम्पिसिन, फिट्‌सची फेनिटॉइन आणि कार्बामाझेपाइन ही औषधं गोळीचा असर कमी करतात. नेहमीच्या अँटिबायोटिक्सनीही तसं होतं हा समज उगाच पसरलाय, त्यांनी तसं होत नाही. लॅमोट्रिजिन या फिटच्याच औषधाचं उलट आहे. इस्ट्रोजेनच रक्तातलं लॅमोट्रिजिन कमी करतं आणि फिट येऊ शकते.

भेटीला जाताना तीन गोष्टी लिहून न्या. ते चमकणं कधी, किती मिनिटं आणि डोळ्यांपुढे कुठल्या बाजूला झालं. घरात रक्ताची गुठळी, पक्षाघात, कमी वयातला हृदयविकार किंवा स्तनाचा कॅन्सर कुणाला झालाय का. आणि मूल साधारण कधी हवं आहे. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आत्ता ठरलेलं नसेल तर तसंच सांगा. कधीही थांबवता येईल असं साधन निवडायला तेवढंही पुरतं.